पाणी पिणारी आळी

“पोरी, तुझ्या ह्या फरशीला डोळं हायती. डोळ्यात कुनी रांगोळी घालतं व्हय?”

हौसाक्का वेळापुरे असं म्हणाली तेव्हा ती दाराशी उकिडवी बसली होती. चिमटीत पांढरी भुकटी, आणि चिमूट सोडावी की नाही अशी बोटं हवेत थांबलेली. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. नंतर मी कितीतरी गावांतल्या गल्ल्या उकरल्या नि पुन्हा अंथरल्या. पण कुठंही पहिली फरशी बसली, की तो आवाज आधी कानात येतो.

कासार आळी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातली. वरच्या अंगाला बाजारपेठ, खालच्या अंगाला बुजत गेलेला ओढा, आणि दोन्हींच्या मधे पदर सोडल्यासारखी उतरत गेलेली ही अरुंद वाट. दोन्ही बाजूंना घरांची दारं समोरासमोर, इतकी जवळ की एकीच्या फोडणीला दुसरीला शिंक यावी. बांगड्यांचा धंदा बहुतेकांचा सुटला होता. कुणी स्टेशनरीचं दुकान टाकलं होतं, कुणी पतपेढीत लागलं होतं. ओढ्याला लागून असलेलं अगदी शेवटचं घर हौसाक्काचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक निपाणीला दिलेली. घरात ती आणि एक रेडिओ.

मी गेले तेव्हा आळीत सिमेंट होतं. उन्हाळ्यात ते तव्यासारखं तापे आणि दिवस कलला तरी धग सोडत राही. पावसाळ्यात पेठेतलं सगळं पाणी त्यावरून घसरत खाली येई आणि हौसाक्काच्या उंबऱ्यावरून आत जाई. दरसाल जाई. आमच्या संस्थेनं नगरपालिकेकडे एकच आळी मागून घेतली होती, करून दाखवायला. सिमेंट उखडलं, खाली खडीचे थर दिले, वर जाळीची फरशी बसवली. तिच्या भोकांतून हरळी उगवावी आणि पाणी जिथं पडेल तिथंच मुरावं. एका कडेनं लांबच लांब वाफा काढला, जमिनीपेक्षा खोल. त्यात वाळा, कर्दळ, थोडा अळू. वाफ्याच्या काठाच्या दगडांत मधे मधे फटी ठेवल्या होत्या, वाटेवरून वाहणारं पाणी आत शिरायला. आळीतल्या बायका त्यांना तोंडं म्हणत. वाफ्याला किती तोंडं, कुणाच्या दारासमोर कुणाचं तोंड, यावरून महिनाभर विनोद चालले होते. रासन्यांची मालनवहिनी सगळ्यांत फाटक्या तोंडाची. आपल्या दारासमोरचं तोंड सासूच्या नावानं ठेवा, दिवसभर उघडंच असतं, असं ती सासूच्या देखत म्हणायची आणि सासूही हसायची.

पहिल्या पावसाळ्यात आळीनं पाणी प्यायलं. पेठेत घोट्याएवढं साचलं, पण खाली हौसाक्काचा उंबरा कोरडा राहिला. आळीतले लोक छत्र्या घेऊन नुसते बघायला उभे होते. पुढच्या वैशाखात बायका संध्याकाळी अनवाणी बाहेर येऊन बसू लागल्या, कारण फरशी पायाला पोळत नव्हती आणि वाळ्याचा गार वास येत होता. नगरपालिकेनं अशाच कामासाठी शेजारच्या आळ्यांचीही नावं काढली. मी पहिल्या पावसानंतरच पुण्याला परतले होते, आणि मनानं ती आळी झालेल्या कामांत जमा केली होती.

एक तक्रार मात्र राहिली होती, रांगोळीची. भाद्रपदात गौरी येतात त्या दिवशी त्या भागात दारापासून देवघरापर्यंत गौरीची पावलं काढतात. हळदी-कुंकवाची, चुन्याची, ज्या घरी जशी रीत. आळीतल्या घरांना अंगण म्हणून जे काही होतं ते आमच्याच फरशीवर. त्या पहिल्या वर्षी पावलं काढली तर प्रत्येक पावलात भोकं. कुणाचा अंगठा गायब, कुणाची टाच गायब. मालनवहिनीनं मला फोनवर ऐकवलं, की यंदा त्यांच्याकडे गौर लंगडत आली. मी हसले आणि तो विषय तिथंच सोडला. माझ्या दृष्टीनं पाणी मुरत होतं, ते महत्त्वाचं.

दुसऱ्या वर्षी, गौरी यायला आठवडा राहिला असेल, नगरपालिकेच्या शिंगटे अभियंत्यांचा फोन आला. शिंगटे वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त त्यांना येत होतं तेच काम करायला आवडायचं, आणि त्यांना सिमेंट येत होतं. ते म्हणाले, काल तुमच्या आळीत पाणी शिरलं, शेवटच्या घरात कमरेला लागलं. बातमी सांगताना त्यांचा आवाज दुःखी होता आणि जरा मोकळाही.

मी पहिल्या गाडीनं पोचले. हौसाक्काच्या घरातून बायका चिखल काढत होत्या. दोरीवर गोधड्या, भिंतीला टेकून फळ्या, ओसरीत पालथ्या घातलेल्या पितळ्या. मालनवहिनीनं पदर खोचला होता. मला बघून तिनं झाडू थांबवला नाही.

“या म्याडम. तुमच्या फरशीनं यंदा उपास धरला जणू. थेंब म्हणून प्याली न्हाई.”

तिचं खरं होतं. शिंगट्यांनी ओसरीच्या कडेला मला बाजूला घेऊन पुढचं सांगितलं. दोन दिवसांनी आळीची बैठक होती. तिथं ते सिमेंटचा प्रस्ताव मांडणार, आणि सिमेंट करायचं तर पाणी जायला मोठं गटार काढावं लागेल. गटाराला जागा म्हणजे शेवटचं घर. मोबदला मिळेल, म्हणाले. बाई म्हातारी आहे, लेक न्यायला तयार आहे, निपाणीला सुखानं राहील.

हौसाक्का हे ऐकण्याइतकी जवळ उभी होती.  तिनं मला चहा दिला, आणि कपाची बशी चिखलानं भरली होती म्हणून पदरानं पुसून पुन्हा दिली.

आता सगळं त्या दोन दिवसांवर आलं होतं. आळी पाणी का पीत नाही हे मला सापडलं नाही, तर तिचं घर जाणार होतं.

मी एक घागर मागून घेतली आणि आळीच्या वरच्या टोकापासून ओतत निघाले. वाटेच्या मधोमध पाणी पडल्या पडल्या नाहीसं होई. पण दारांजवळ ते थाळीत राहावं तसं राहत होतं, आकाश दाखवत. मी वाकून बोट फिरवलं. भोकं नव्हतीच. जिथं भोकं होती तिथं आता गुळगुळीत, पांढरट, दगडासारखं काहीतरी बसलं होतं, आणि त्यावर पुसट रांगोळीच्या रेघा. पेचकसानं उकरून बघितलं. चुना, विटेचा चुरा, आणि चिकटपणा यावा म्हणून काहीतरी गोड. मुंग्या लागल्या होत्या.

मालनवहिनीला विचारलं तेव्हा ती आधी भांडली, मग मला आत नेऊन दार लोटलं.

“माझ्या दारापुरतंच भरलंय. हातभर जागा. गौरीची पावलं नीट यावीत म्हणून. हातभर जागेनं काय गाव बुडतंय काय? पर तुमी कुणाला बोलू नका.”

पुढच्या दारी तिवाटण्यांच्या सूनबाई तेच म्हणाल्या, तेवढ्याच हलक्या आवाजात. त्यापुढच्या दारीही तेच. सगळ्यांनी आपापल्या दारापुरती जागा भरली होती, सगळ्यांना वाटत होतं आपण एकट्याच. अरुंद आळीत या बाजूची हातभर आणि त्या बाजूची हातभर मिळून मधे जेमतेम माणूस चालेल एवढी पट्टी मोकळी उरली होती. मिश्रण मात्र सगळीकडे एकच, हात एकच. कुणी शिकवलं म्हणून विचारलं की प्रत्येक जण म्हणे, मलाच सुचलं.

मला ठाऊक होतं तो हात कुणाचा. आळीत ठिपक्यांची रांगोळी हौसाक्कासारखी कुणाला येत नव्हती. दिवाळीला, संक्रांतीला बायका तिला आपल्या दारी बोलावून नेत. ती काढताना पुटपुटत असे, मीही पहिल्या वर्षी ऐकलं होतं:

ठिपक्याच्या शेजारी गं ठिपका मी मांडीला
रेघेनं सांधीला बाई शेजार सारा

मी तिच्याकडे गेले. ती चुलीपाशी ओल्या लाकडांशी झटत होती. गॅस पाण्यात गेला होता. मी भरलेल्या भोकांचं बोलले. तिनं मान हलवली, होय अशीही नाही आणि नाही अशीही नाही. भोकं भरणाऱ्या बायकांची नावं तिनं घेतली नाहीत, आपलंही घेतलं नाही. आळीतल्या बायका नंतर मला म्हणाल्या, अक्का आम्हाला झाकत होती. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी मी वाफ्याच्या कडेनं चालत गेले तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसली. खालच्या अंगाची तोंडं बंद होती. काठाच्या दगडांतल्या फटी, ज्यातून पाणी वाफ्यात उतरायचं, त्याच पांढऱ्या चुन्यानं नीट, कोपरे दाबून बुजवलेल्या. वरनं मातीचा हात फिरवला होता, सहज दिसू नये म्हणून. तिथं कुणाचं दार नव्हतं. तिथं कुणी रांगोळी काढत नव्हतं. दारांपुढच्या हातभर जागांनी पाणी मुरणं निम्मं थांबवलं असतं, पण वाफ्यानं उरलेलं झेललं असतं. तोंडं बुजवली म्हणून ते सगळं त्या शेवटच्या उंबऱ्यावर गेलं होतं.

मी ते कुणाला सांगितलं नाही. कर्दळीची पानं बाजूला सारून पुन्हा जागच्या जागी आणली.

बैठक मालनवहिनीच्या ओट्यावर भरली. ऊन होतं, पावसानं उघडीप दिली होती. शिंगटे खुर्चीवर, बाकीचे ओट्यावर, पायऱ्यांवर, दारांत. हौसाक्का एका खांबाला टेकून बसली. मालनवहिनीची सासू तिच्याशेजारी.

शिंगटे बोलले. प्रयोग चांगला होता, पण आपल्याकडे चालला नाही. सिमेंट आणि गटार, कायमचा उपाय. शेवटच्या घराचा प्रश्न माणुसकीनं सोडवू. ते “शेवटचं घर” म्हणाले, हौसाक्काचं नाव घेतलं नाही, आणि आळीतल्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं.

मग मी उठले आणि मालनवहिनीच्याच दारात घागर ओतली. पाणी फरशीवर उभं राहिलं. त्यात सगळ्यांचे चेहरे दिसत होते. मी कुणाचंही नाव न घेता सांगितलं, की फरशी बिघडली नाही, ती भरली गेली आहे, दारादारापुढं. आणि खाली बसले.

 मग मालनवहिनीची सासू म्हणाली, आपल्या सुनेकडे न बघता, “आमच्या दारापुढचं मी भरायला लावलं. गौर लंगडत आली म्हणून.”

“आत्या, तुमी कशाला नाव घेताय? मीच भरलं.”

“तू भरलंस, लावलं मी. तेवढं तरी माझ्या नावावर ऱ्हाऊ दे.”

तिथून मग सुटलंच. तिवाटण्यांच्या सूनबाई म्हणाल्या, आम्हीही. समोरच्या घरातल्या दगड्यांनी सांगितलं, आमच्या हिनंही, मला वाटलं आपणच तेवढे. पतपेढीतले अष्टेकर, ज्यांनी पहिल्या वर्षी फरशीच्या बाजूनं सगळ्यांना भाषण दिलं होतं, ते चष्मा काढून पुसत म्हणाले, आमच्याकडेही झालं आहे, मी घरी नव्हतो. त्यावर कुणीतरी मागून म्हणालं, अष्टेकर पावसाळाभर घरी नसतात काय. सगळे हसले, आणि हसता हसता सगळ्यांच्या माना खाली गेल्या, कारण हसणं ज्या घरात पाणी शिरलं होतं त्या घराच्या बाईसमोर चाललं होतं.

“अक्कांनी आम्हाला शिकवलं, पण नाव नका घेऊ म्हणाल्या,” मालनवहिनी म्हणाली. “आणि परवापास्नं त्यांनी आमचं कुणाचं नाव घेतलं न्हाई. घरात चिखल, आणि त्या आमाला च्या देताय्त.”

हौसाक्का खांबाला टेकून तशीच. तिनं एकदा पदर सारखा केला.

आळीनं तिथंच ठरवलं. भोकं उकरून मोकळी करायची, ज्यानं त्यानं आपल्या हातानं. आणि प्रत्येक दाराशी एक शहाबादी फरशी, उंबऱ्याएवढीच, रांगोळीपुरती. गौर तेवढ्यावरनं आत येईल, तिला काही धावत यायचं नाही. शिंगट्यांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, बघू, वर कळवतो. त्यांनी कळवलंही. गटार आलं नाही. वाफ्याची तोंडंही पुढं गुपचूप मोकळी झाली. कासार आळी आजही पाणी पिते. परवा तिथून जाणं झालं तेव्हा वाळा दुप्पट झाला होता आणि आळीत नवे लोक होते.

बैठक मोडल्यावर मी हौसाक्काबरोबर खाली तिच्या घरी आले. वरच्या अंगानं पेचकस आणि खिळ्यांचे आवाज सुरू झाले होते. बायका भोकं उकरत होत्या आणि एकमेकींना हाका मारत होत्या. घरात चिखल निघाला होता, पण भिंती अजून ओल्या होत्या, कमरेच्या उंचीला एक काळी रेघ. तिनं मला पाटावर बसवलं. आपण जमिनीवर बसली. बराच वेळ ती हाताच्या बांगड्या एकीकडून दुसरीकडे सारत राहिली.

“तू त्या तोंडांचं बोलली न्हाईस,” ती म्हणाली.

“नाही बोलले.”

“बगितलंस मातूर.”

“बघितलं.”

“मग का न्हाई बोललीस? माजं घर वाचलं म्हणून समद्या खूश हायती. तू बोलली असतीस तर वर तोंड करून बगाय जागा ऱ्हायली नसती मला.”

मी म्हणाले, तुमचं घर होतं अक्का, पाणी तुमच्याच घरात आलं. मला वाटलं, बोलायचं असेल तर तुम्ही बोलाल. आणि मला खरंच कळत नव्हतं की कुणी आपल्याच घरात पाणी कशाला आणील.

ती हसली. त्या हसण्यात खोडी काढलेल्या पोरीचं काहीतरी होतं. मग ते गेलं. तिनं दाराबाहेर बघितलं, जिथून मालनवहिनीचा आवाज येत होता, आणि खाली मान घालून बोलू लागली. माझ्याशी बोलत होती, पण मला सांगत होती असं वाटलं नाही.

“पाणी शिरायचं न्हवं का, तवा मालन यायची, बादली घेऊन. दगड्यांची पोरं येऊन कॉट उचलायची. कुणी म्हणायचं अक्का आमच्याकडं जेवा, कुणी म्हणायचं आमच्याकडं निजा. मालनच्या सासूशेजारी मी निजायची. ती आणि मी एकाच साली लगीन हून ह्या आळीत आलेल्या. झोप कसली, बोलतच ऱ्हायचो. सासरचं, माह्यारचं, मेलेल्या माणसांचं. ही चिखलाची भांडी घासायला चार जणी बसायच्या ओसरीत. पावसाळ्याचं चार दिस माजं घर लगीनघरासारखं असायचं. बाकी साल रेडिओ.

“मग तू आलीस. चांगलं केलंस. कोण वाईट म्हणंल? पाऊस आला. मी बिछाना वर बांधून ठेवला, च्याचं आधण टाकलं, दार उघडं ठेवून बसली. पाणी तितं वरच गेलं, समदं फरशीत. लोक छत्र्या घेऊन आली, बगितली, म्हणाली अक्का, घर कोरडं ऱ्हायलं, बरं झालं, आणि आपापल्या घरला गेली. कुणी उंबरा वलांडला न्हाई. कशाला वलांडतील? आधण आटलं. पुन्यांदा टाकलं. ते बी आटलं.

“तोंडं म्या बुजवली, पोरी. रांगोळीसाठी न्हवं. पुरा पावसाळा मी दार उघडं ठेवून बसली, आणि माजा पाऊस तू माज्या दारावरनं जमिनीत घातलास.”